शीतगृहाचं तोरण

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांच्या मासळीसाठी एक शीतगृह होतं. जंगल सागाचं होतं की बांबूचं, आता खात्रीने सांगवत नाही. दार मात्र आठवतं.

ते दार चिमाक्का घोरपडीच्या देखरेखीखाली होतं. रोज सकाळी ती फटीत पळसाचं पान धरून दार लावी आणि पान ओढून बघे. पान अडलं, की ती निवांत. सहज निघालं, तर समजावं, कडेचं रबर नीट बसत नाही, गारवा पळतोय.

दसऱ्याला अध्यक्ष तरसाने दाराची पूजा केली. चौकटीला झेंडूचं जाडजूड तोरण बांधलं. त्याची दोरी रबरात आली.

चिमाक्काने पान ओढलं. अलगद निघालं.

“अध्यक्षसाहेब, तोरण जरा वर घ्या. मासळी सडेल.”

“चिमाक्का, आज पान ओढायचं नसतं, वाटायचं असतं!”

सगळे हसले.

“मी काढू का?”

“काढ. आणि उद्यापासून येऊ नकोस.”

पोटाचा प्रश्न होता. चिमाक्काने तोरणाला हात लावला नाही.

तरस नैवेद्याचा मासा निवडायला आत गेला. बाहेर ढोल सुरू झाला. नाचणाऱ्या रानडुकराचा धक्का लागून दार लागलं, कडी पडली. तरस आतून ओरडू लागला. सगळ्यांना वाटलं, आरती रंगली.

दार आतून उघडायला एक खटका होता. त्याचा सैल स्क्रू चिमाक्काने आदल्याच दिवशी आवळला होता. निदान तिला तसं वाटत होतं.

ती धावली. पण घोरपडीची धाव ती केवढी! ती पोचण्याआधीच दार उघडलं. तरस बाहेर कोसळला, मिशांवर बर्फ. अंधारात त्याने काय काय बडवलं, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

“तोरणाने वाचवलं मला!” तो म्हणाला. “आणि ही बया तेच काढायला निघाली होती!”

चिमाक्काची नोकरी त्याच दिवशी गेली. आठवड्यात मासळी सडली. चिमाक्काची दृष्ट लागली असं ठरलं, आणि दुसरं तोरण बांधण्यात आलं.

चिमाक्का घरी बसून विचार करी, ‘स्क्रू आवळला होता ना मी? की खरंच तोरणाने...?’

बऱ्याच वर्षांनी ते दार तिला भंगारात दिसलं. रबर झडलेलं, दोऱ्या लोंबताहेत. तिने आतला खटका नखाने दाबला.

टक्. कडी सुटली. स्क्रू अजून घट्ट होता.

तात्पर्य : मुलांनो, स्क्रू जरूर आवळा, पण वर झेंडूचं एक फूल खोचायला विसरू नका. नाहीतर आवळल्याचं तुम्हालाही खरं वाटणार नाही.