मी कोण, सांग

परतूरला आमच्या गल्लीत लेकरू नुसतं शिंकलं तरी बापूकाका हजर. पोस्टातून रिटायर झालेला हा माणूस कपाळाला हात लावायच्या आधी परीक्षा घ्यायचा.

"आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं? आन् मी कोण?"

"बापूकाका," लेकरू कंटाळून म्हणायचं.

"बराबर. पास."

माझी मुलगी नववीत असताना तापात चिडून म्हणाली, "तुम्ही आमचे जावई." झालं. काकांनी जीप बोलावली आणि थेट जालन्याच्या डॉक्टरपुढे नेऊन बसवलं. निघाली साधी सर्दी. माझं डोकंच फिरलं.

"काका, पोरगी थट्टा करत होती."

"थट्टा करायली का दुसरं काही, ते डॉक्टरला ठरवू द्या. तापात भलतंच बोललं की जल्दी दवाखाना. बिलकुल थांबायचं न्हाई."

गल्ली त्यांना हसायची, पण तोंडावर कुणी हसत नसे. त्यांची लेक मंगल सगळ्यांना माहीत होती.

तेव्हा मंगल पंधरा वर्षांची होती आणि काका बाहेरगावच्या पोस्टात नोकरीला. ताप चढला, घरच्यांना ओळखेना, भलत्याच आवाजात बोलू लागली. दिवस नवरात्राचे. अंगात आलं, असं बायकांनी ठरवलं. मळवट भरला, ओटी भरली, पाया पडायला रांग लागली. बापूकाकांनी हात जोडून पोटच्या लेकीला विचारलं, माझी बदली परतूरला कधी होईल? झटके आले तेव्हा कुठे औरंगाबादला नेलं. मी सोबत होतो. विषाणूनं मेंदूला सूज आलीय, डॉक्टर म्हणाले. औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हायला हवं होतं. इतके दिवस काय करत होता?

"आम्ही तिच्या पाया पडून राह्यल्तो, साहेब," काका म्हणाले.

मंगल वाचली. वाचली म्हणायचं. सकाळचं तिला दुपारी आठवत नाही. दिवसभर ओट्यावर बसून ती लेकरांच्या परीक्षा ऐकते. काकू गेल्यापासून तिचं सगळं काकाच करतात आणि रोज विचारतात, मी कोण? एकदा 'बाबा' म्हणावं, एवढंच त्यांना हवंय. इतकी वर्षं ती नुसती बघत राहिलीय. मला ते बघवत नाही.

परवा मी ताक घेऊन गेलो, तर काका तिची वेणी घालत होते.

"मंगल, मी कोण?"

ती मागे वळली आणि गल्लीतल्या लेकरांच्याच सुरात म्हणाली, "बापूकाका."

वेणीतला हात थांबला.

"बराबर," काका म्हणाले. "पास."

आणि त्यांनी रिबीन बांधायला घेतली.