गुंजाळकाकांची भरली वाटी

आमच्या शेजारचे गुंजाळकाका मोबाईलवरून जेवण मागवतात आणि त्यातला घासही स्वतः खात नाहीत. कुणी कंटाळा आला म्हणून मागवतं, कुणी सवलत दिसली म्हणून. काकांचं कारण भिंगारच्या आमच्या गल्लीबाहेर कुणाला सांगून पटणार नाही.

काका मूळचे नेवाशाकडचे. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते, आता निवृत्त आहेत. मागच्या वर्षी काकू गेल्या. काकांना चहापलीकडे काही करता येत नाही, म्हणून आम्ही शेजारणी आलटून पालटून वाटीभर भाजी, आमटी नेऊन देऊ लागलो. पण शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही काकूंची रीत. काकांनी ती खात्याच्या नियमासारखी उचलली आणि भाचीकडून ॲप शिकून घेतलं.

मग काय विचारता. मी शेपूची भाजी दिली, तर वाटी मंचुरियन भरून परत आली. मेथीच्या बदल्यात नूडल्स आल्या. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दिली, तर अंडाकरी.

"काका, आज एकादशी आहे."

"व्हय का? मंग उद्या खा. पन वाटी घ्या."

"आणि हा खर्च कशाला?"

"ताई, इश्यू झालेलं भांडं मोकळं जमा करत न्हाईत."

एवढं सांगून जातील तर काका कसले? दारात उभ्याउभ्याच डेपोतल्या गोष्टी सुरू व्हायच्या आणि माझी पोळी तव्यावर करपायची.

शेवटी आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. म्हाताऱ्याची पेन्शन आपल्या वाट्या भरण्यात चालली आहे, म्हणून आम्ही ठरवून देणंच बंद केलं. त्यांना एका बाईंचा डबा लावून दिला. प्रश्न मिटला म्हणून मी स्वतःवर खूशही झाले.

आठवडाभराने काका दारात हजर. हातात गुलाबजाम भरलेली वाटी. तिच्या काठाशी काकूंचं नाव कोरलेलं.

"काका, आम्ही तर काहीच दिलं नव्हतं. आणि ही वाटी तुमचीच आहे."

"व्हय, आमचीच हाय."

"डबा आवडत नाही का?"

"डबा चांगला हाय. पन तो दाराला अडकवून जात्यात."

मला फार वाईट वाटलं. काकांनी वाटी माझ्या हातात ठेवली आणि चपला सरळ करत म्हणाले, "आता ही द्यायला तुमालाच यावं लागंल, ताई. रिकामी आनली तरी चालंल."