नगरपरिषदेची कावीळ

कासारवेळ नगरपरिषदेच्या इमारतीला मार्चच्या दुसऱ्या सोमवारी कावीळ झाली. सकाळी कुलूप काढायला आलेल्या तातोबा शिपायाच्या ते आधी लक्षात आलं, कारण कावीळ पहिल्यांदा डोळ्यांत दिसते आणि इमारतीचे डोळे म्हणजे खिडक्या. सगळ्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. तातोबानं एक काच फडक्यानं पुसून पाहिली आणि मग तो थेट मागच्या अभिलेख कक्षात गेला.

"बाई, इमारतीचं डोळं बघा की जरा."

प्रमिलाबाई कोळेकर त्या कक्षात एकतीस वर्षं बसत होत्या. त्यांच्या खुर्चीचा डावा पाय अर्धा इंच आखूड होता आणि त्याखाली पुठ्ठ्याची एक घडी सारलेली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शनिवारीच मला वाटलं होतं. भिंतींना चव नव्हती."

इमारतीची काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कॅन्टीनमधली भजी त्याच दिवशी बंद झाली. उंबऱ्यावर सकाळ-संध्याकाळ घागरभर उसाचा रस ओतायला सुरुवात झाली. तातोबानं आपल्या गावाहून काविळीची माळ आणली आणि शिडी लावून गच्चीच्या कठड्याभोवती घातली. कावीळ उतरेल तशी ही माळ लांबत जाते आणि पायापर्यंत घसरली की रोगी बरा झाला असं समजतात. माळ दोन दिवसांत पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत आली आणि तिथंच अडकून बसली.

खरी ओरड झाली ती दाखल्यांवरून. नगरपरिषदेचे दाखले मागच्या खिडकीतून मिळत. मंगळवारपासून तिथून पांढरेफटक कागद बाहेर पडायला लागले. रॉकेलवाल्या गल्लीतल्या सलमा बागवानला नातवाच्या जन्माचा दाखला मिळाला, त्यावर ना नाव, ना तारीख. "मग आमचं पोरगं जन्मलंय का न्हाई?" असं तिनं खिडकीत तोंड घालून विचारलं. खिडकीतल्या माणसानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि सध्या सांगता येणार नाही असं कळवलं.

मुख्याधिकारी शेंडगे साहेबांनी डॉक्टर मुजावरांना बोलावणं धाडलं. डॉक्टरांनी जिन्याखालच्या भिंतीतून नमुना घेतला. अहवाल आला. बिलिरुबिन अकरा.

"म्हणजे जास्त?" साहेबांनी विचारलं.

"एकच्या आसपास हवं. नीट ऐका, साहेब. तुमच्या इमारतीतून जो आदेश निघतो, तो लाल शिक्क्याचा असतो. तो एकशेवीस दिवस फिरतो, काम करतो, मग थकतो आणि फुटतो. माणसाच्या रक्तातल्या लाल पेशींचं अगदी असंच आहे. फुटलेल्या आदेशातून जे उरतं ते पिवळं असतं. हे पिवळं पाण्यात विरघळत नाही, स्वतःच्या पायांनी बाहेर जात नाही. त्याला कुणीतरी डोक्यावरून न्यावं लागतं."

"मी नेतो," तातोबा म्हणाला.

"तातोबा नेतात ते अभिलेख कक्षात. ते तुमचं यकृत, लिव्हर म्हणा. तिथं प्रमिलाताई त्यावर 'निकाली'चा शिक्का मारतात. शिक्का बसला की ते पाण्यात विरघळायला लागतं. मग मागच्या बोळातून पुढं सरकतं, दाखल्यांच्या खोलीत उतरतं आणि बाहेर पडतं. दाखल्याला जो बिस्किटासारखा रंग असतो ना, तो त्याचाच."

प्रमिलाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. तो रंग कागदाचा नसून आपल्या हातचा आहे हे एकतीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"म्हणजे लिव्हर खराब झालं," शेंडगे साहेब म्हणाले.

"असंच नाही. बिघाड तीन ठिकाणी असू शकतो. एकतर आदेश वेळेआधीच भसाभस फुटत असतील. किंवा लिव्हर आजारी असेल. किंवा लिव्हरच्या पुढं वाट तुंबली असेल. मला चार दिवस द्या."

"डॉक्टर, बुधवारच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एकच विषय बसतो. तीन कारणं मी कुठं घालू?"

बुधवारी सभा झाली. ठराव एकमतानं मंजूर झाला: आजारी अवयव म्हणून अभिलेख कक्षाचा दोन तृतीयांश भाग काढून टाकावा, आणि काढायच्या भागात अभिलेखपालाचं टेबल येत असल्यानं ते पदही सोबत काढावं. प्रमिलाबाईंनी हात वर केला. त्या सभासद नसल्यानं तो मोजला गेला नाही.

"साहेब, माझ्या टेबलावर एक कागद शिल्लक नाही. काल आलेला काल निकाली. मी आजारी असते तर ढीग साचला असता ना?"

"बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. तुमच्या जागेबद्दल आहे."

गुरुवारी गवंडी आले आणि त्यांनी कक्ष कापला. टेबल गेलं, खुर्ची गेली, दारावरची 'प्र. म. कोळेकर, अभिलेखपाल' ही पाटी गेली. उरलेल्या कोपऱ्यात एक स्टूल कसंबसं मावत होतं. प्रमिलाबाईंना काय न्यायचं ते न्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी खुर्चीखालची पुठ्ठ्याची घडी तेवढी उचलून पिशवीत टाकली. रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि फाटकापर्यंत त्या रडल्याही नाहीत.

शुक्रवारी बिलिरुबिन एकोणीस झालं. इमारतीला खाज सुटली. ती दर तासाला आपला पूर्वेकडचा कोपरा आवारातल्या कडुनिंबावर घासायची, त्यामुळं गिलावा पडायचा आणि कर्मचाऱ्यांना टेबलं धरून बसावं लागायचं.

प्रमिलाबाई त्या दिवशीही साडेदहाला आल्या. पद नव्हतं, पण सवय होती. त्या कडुनिंबापासून जरा लांब, गटाराच्या कठड्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष गटारातल्या पाण्याकडं गेलं. इमारतीतून येणारं पाणी काळपट झालं होतं, बिनदुधाच्या चहासारखं.

त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला. मग डबा तिथंच ठेवून त्या तडक डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात गेल्या आणि रांगेतल्या नऊ माणसांना "माझी इमारत आहे" एवढंच सांगून आत घुसल्या.

"डॉक्टर, ते पिवळं पाण्यात विरघळत नाही म्हणालात ना?"

"शिक्का बसल्याशिवाय नाही."

"मग गटारात कसं उतरलं?"

डॉक्टरांनी हातातला स्टेथोस्कोप खाली ठेवला. "पाणी गडद आहे?"

"काळंकुट्ट. आणि दाखले पांढरे."

"प्रमिलाताई," डॉक्टर उठून उभेच राहिले, "म्हणजे तुमचा शिक्का बसलेला आहे! लिव्हरनं आपलं काम चोख केलंय. तयार माल पुढं जायला वाट नाही, म्हणून तो उलटा फिरून मिळेल तिथून बाहेर पडतोय. अंगाला खाज आहे का?"

"झाड झिजलं हो."

"चला."

तिघं मागच्या बोळात शिरले. तिसरा तातोबा, बॅटरी घेऊन. बोळ निमुळता होत गेला आणि दाखल्यांच्या खोलीच्या अलीकडं बंदच झाला. आडवं काहीतरी होतं, गोणपाटानं झाकलेलं. तातोबानं गोणपाट उचललं आणि कपाळावर हात मारला.

ती कोनशिला होती. अकरा वर्षांपूर्वी एसटी स्टँडच्या निवारा शेडची पायाभरणी ठरली होती. दगड आधी कोरून घेतला, पाहुणे नंतर ठरवू म्हणून 'यांच्या शुभहस्ते'च्या आधी जागा मोकळी सोडली. पाहुण्यांवर एकमत झालं नाही. दगड तात्पुरता बोळात ठेवला. तेव्हा तो दोन माणसांना उचलता येत होता. अकरा वर्षं अंधारात, येणाऱ्या-जाणाऱ्या पिवळ्याचा थर अंगावर घेत घेत तो वाढला होता आणि आता दोन्ही भिंतींना टेकला होता.

"हा खडा," डॉक्टर समाधानानं म्हणाले.

शेंडगे साहेबांना बोलावलं. त्यांनी दगड पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला, पण नियम त्यांना तोंडपाठ होते. "कोनशिला शुभहस्ते अनावरण झाल्याशिवाय जागची हलवता येत नाही. आणि ते हात अजून ठरायचे आहेत."

"इमारत राहायची नाही तोवर," डॉक्टर म्हणाले.

प्रमिलाबाई खाली वाकल्या आणि पदरानं दगडावरची धूळ पुसू लागल्या. "साहेब, इथं कुणाचंच नाव नाही. दगडावर ज्याचं नाव आहे त्याचेच हात पाहिजेत, असा काही नियम आहे का?"

साहेबांनी विचार केला. खिशातून नियमपुस्तिका काढून उभ्याउभ्या दोनदा चाळली. "नाही," ते शेवटी म्हणाले. "पण नारळ लागेल."

तातोबानं नारळ आणला. गोणपाट परत दगडावर टाकलं, म्हणजे ते काढता येईल. साहेब दोन शब्द बोलले, डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, आणि काल ज्यांचं पद कापलं होतं त्या प्रमिलाबाईंच्या शुभहस्ते कोनशिलेचं अनावरण झालं. मग सहा माणसांनी दोर लावून तिला बाहेर ओढली. इमारतीनं इतका मोठा सुस्कारा सोडला की बाजारातल्या भाजीवाल्यांनी पालं आवरून धरली. माळ सुटली आणि घसरत घसरत पायथ्याशी येऊन पडली. पाच मिनिटांनी मागच्या खिडकीतून सलमाच्या नातवाचा दाखला आला, बिस्किटाच्या रंगाचा, नावानिशी, तारखेनिशी.

"आता कापलेल्या खोलीचं काय?" साहेबांनी डॉक्टरांना हळूच विचारलं.

"ती वाढेल. लिव्हर वाढतं परत. बाकी कुठला अवयव एवढा समंजस नाही."

"खोली वाढेल हो. पद वाढत नाही. त्याला शासनाची मंजुरी लागते, चार वर्षं तरी जातात." हे ते प्रमिलाबाईंकडे न बघता बोलले. प्रमिलाबाईंनी मान हलवली. त्यांच्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती.

खोली खरंच वाढू लागली. भिंत रोज वीतभर पुढं यायची. दुसऱ्या आठवड्यात भिंतीला फळ्या फुटल्या, आधी मऊ, मग चार दिवसांनी टणक. प्रमिलाबाई रोज साडेदहाला येऊन स्टुलावर बसायच्या आणि पिवळ्यावर शिक्के मारायच्या. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून त्यांना कुणी उशिरा आलात असंही म्हणू शकत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात जमिनीतून टेबल वर आलं, त्यामागून खुर्ची. खोली पूर्वीच्या मापाला पोचली आणि बरोबर तिथं थांबली.

सोमवारी सकाळी तातोबा साहेबांना घेऊन आला. दाराच्या चौकटीवर एक पाटी आली होती. अक्षरं अजून जरा कोवळी होती, पण वाचता येत होती. प्र. म. कोळेकर, अभिलेखपाल.

"ही कुणी ठोकली?"

"ठोकली न्हाई साहेब, भितीतनंच आलीया. वढून बघा."

साहेबांनी पाटी धरून हलकेच ओढली. इमारतीच्या सगळ्या खिडक्या एकदम खडखडल्या. त्यांनी हात मागं घेतला, फाइल उघडली आणि उभ्यानंच लिहिलं: 'पद पूर्ववत वाढले आहे. नोंद घेतली.'

ते गेल्यावर प्रमिलाबाई आत आल्या आणि नव्या खुर्चीत बसल्या. खुर्ची डावीकडं कलली. त्यांनी वाकून पाहिलं. डावा पाय अर्धा इंच आखूड आला होता.

त्यांना भरून आलं. पदरानं डोळे टिपून त्यांनी पिशवीतली पुठ्ठ्याची घडी काढली, पायाखाली सारली, एकदा डुलून खात्री करून घेतली आणि दारात उभ्या असलेल्या तातोबाला म्हणाल्या, "आण."