उमरोळीच्या तळ्यातली लाट

चारुतानं (आमच्या सौभाग्यवतींनी) माझा भात बंद करून महिना झाला होता. तिचं मन जरा रमवावं, म्हणजे एखादी मूद पदरात पडेल, एवढ्याच हेतूनं मी तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक बाई धावत्या बोटीमागं फळीवर उभी राहते, हातातली दोरी सोडून देते आणि बोटीनं उठवलेल्या लाटेवर मजेत घसरत राहते. वेकसर्फिंग म्हणतात त्याला.

"मला हे करायचंय," चारुता म्हणाली.

ती किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, दर्यात डुंबत वाढलेली. लग्न होऊन सालवडला आली आणि तिच्या वाट्याला पाणी आलं ते नळाचं, तेही कमी दाबानं. तिचा चेहरा असा उजळला की मी बोलून गेलो, "वाढदिवसाला करू!" (उचलली जीभ, लावली टाळ्याला.) पाचव्या मिनिटाला माहेरी फोन गेला. आता माघार घेतली असती, तर मुरब्याला तोंड दाखवायची सोय नव्हती.

तळं शोधायला निघालो. धरणावर रखवालदार म्हणाला, "पिण्याचं पाणी हाय. पाय पण बुडवायचा नाय." दुसरं तळं कमळांनी गच्च. तिसरं मोबाइलच्या नकाशात इतकं निळंशार दिसलं, की खास रिक्षा करून गेलो. गोदामावरची ताडपत्री निघाली! शेवटी उमरोळीच्या पुढं एक ऐसपैस गावतळं सापडलं. काठावर म्हशी राखणारी बुधीमावशी म्हणाली, "खेळा की. म्हशींना तेवढं भेववू नका."

राहिली होडी. सासऱ्यांची, आत्माराममामांची, इंजिनाची लहान होडी श्रावणात किनाऱ्यावर झाकून ठेवलेली. रिकामीच तर आहे, म्हणून मी मागितली.

"नारळी पुनवेच्या आधी होडी पाण्यात? जावयबापू, डोकं ठिकाणावर हाय ना?"

"मामा, ते दर्याचं झालं. हे तळं आहे. गोडं पाणी!"

मामांनी दाढी खाजवली. "मग तळ्याला नारळ देऊ."

वाढदिवशी होडी टेम्पोत चढली. तळ्यावर मामांनी कुंकू लावून नारळ वाहिला. बुधीमावशीनं तो काठीनं ओढून घेतला. "चांगला नारळ कशाला कुजवता? चटणी होईल!"

चारुता लाइफ जॅकेट घालून, सुताराकडून करून घेतलेली फळी धरून पाण्यात उतरली. मामांनी इंजिन सुरू केलं, होडी धावली. पण लाट? बशीतल्या चहावर फुंकर मारली तर याहून मोठी येते! चारुताचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं हो.

मामांनी काठावरच्या माझ्याकडं नखशिखांत पाहिलं. "जावयबापू, होडीत या. पार मागं बसा."

मी बसलो. होडीचं बूड खाली गेलं आणि मागं अशी गुबगुबीत लाट उठली म्हणून सांगू! चारुता उभी राहिली, डगमगली, सावरली आणि दोरी सोडली. "बाबा, सुटले! अहो, बघा ना!" मी बघत होतो. डोळे भरून आले. (पाणी उडालं असेल.)

"आता माझा नंबर!" मी फळी घेतली. होडी निघाली, लाट काही आली नाही. मी मात्र गटांगळ्या खाल्ल्या.

"तुमी उतरलात की लाट पण उतरते," मामा म्हणाले.

घरी जेवायला बसलो, तर ताटात भाताचा डोंगर, वर तुपाची धार! मला गहिवरून आलं. "चारू, एवढं प्रेम?"

"मुकाट्यानं खा," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी माझ्या बहिणी येताहेत. त्यांना याहून मोठी लाट हवीय."