देणगीदारांची गाडी

जगात भंगार अशी वस्तूच नसते. मागणारा येईपर्यंत ती अडगळ असते आणि मागणारा आला की ती वडिलांची आठवण होते. या दोन अवस्थांच्या मधला काळ फार थोडा असतो. तेवढ्यात जो हात मारतो, त्यालाच लोक कारागीर म्हणतात.

झरीचा मुंजाजी असाच कारागीर. स्टँडजवळ त्याचं वेल्डिंगचं दुकान. गावातली निम्मी फाटकं, झाडून सगळ्या लोखंडी खाटा आणि एका पुढाऱ्याच्या स्वागताची कमान त्यानंच जोडलेली. (कमान पुढारी यायच्या आधी पडली. दोष वाऱ्याचा होता. पुढाऱ्याचा होता असं म्हणणारेही आहेत.)

या मुंजाजीनं एकदा मोबाईलवर एक परदेशी माणूस पाहिला. तो घरामागच्या शेडमध्ये भंगारातून मोटार जोडत होता. इंजिन उघडं, वर टप नाही, मागची चाकं थोर, पुढची लहान, आणि बूड रस्त्याला टेकायला आलेलं. तिकडं अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात आणि ती करणाऱ्याला मान देतात. मुंजाजीला ती पाहताक्षणी घरची वाटली. मागची चाकं मोठी आणि पुढची लहान हे ट्रॅक्टरचंच लक्षण, आणि इंजिनावर झाकण नसणं ही तर आपल्याकडं नेहमीची बाब. तिकडं जे हौसेनं करतात, ते इकडं नाइलाजानं कधीपासून चालू होतं. कमी होता तो फक्त मान.

पण हौस हे सांगायचं कारण झालं. खरं कारण सेलूला राहत होतं. त्याचं नाव भागवत. मुंजाजीची बायको कमलबाई, तिचा हा धाकटा भाऊ. सेलूत त्याचा कापसाचा व्यवहार, आणि दर भाऊबीजेला तो पांढरी गाडी घेऊन बहिणीला आणि मेव्हण्याला न्यायला यायचा. गाडीचं दार उघडून, अगदी गोड हसून म्हणायचा, "दाजी, तेवढे पाय झाडून बसा."

बस, एवढंच. यात शिवी नाही, टोमणा नाही, कायद्याच्या कोणत्याही कलमात हे बसत नाही. मुंजाजी पाय झाडायचा. सहा भाऊबिजा त्यानं पाय झाडले आणि दरवेळी ते झाडणं त्याला झरीपासून सेलूपर्यंत डाचत राहिलं. सातव्या वर्षी तो कमलबाईला म्हणाला, "औंदा तुझ्या भावानं यायचं न्हाई. मी सोता गाडी करतो अन् भागवतच्या दारात नेऊन थांबवतो."

"करा," कमलबाई म्हणाली. "पर आदी घरातला मिक्सर करा."

मिक्सर बाजूला राहिला आणि मुंजाजीनं गावाची पाहणी केली. निष्कर्ष असे: दर तीन घरांमागे एक न चालणारी फटफटी, दर पाच घरांमागे कोंबड्यांनी ताबा घेतलेलं एक वाहन, आणि प्रत्येक घरात "त्याला काय झालंय, चालतंय की अजून" म्हणणारा एक वडीलधारा. माजी सरपंच दिनकररावांकडं एका जुन्या फियाटचा सांगाडा होता. ("माजी" हे पद त्यांनी इतर कोणत्याही पदापेक्षा जास्त काळ भूषवलं आहे.) ते म्हणाले, "घिऊन जा. पर आमच्या तात्यांचं नाव टाक."

इथं आमच्या भागातली एक थोर रीत सांगितली पाहिजे. या हाताचं दान त्या हाताला कळू नये, असं शास्त्र सांगतं. म्हणून आम्ही ते हाताला न सांगता रंगानं लिहून ठेवतो. गावच्या मारुतीच्या देवळात प्रत्येक पंख्याच्या पात्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असं लिहिलेलं आहे. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही. म्हणून देणगीदार दर्शनाला आला की पुजारी पंखा बंद करतो, आणि देणगीदार घाम पुसत पुसत आपलं नाव वाचतो.

मुंजाजीनं "टाकतो" म्हटलं आणि मग दानाला पूर आला. सरजाबाईचे मालक हयात असताना काळीपिवळी जीप चालवायचे. त्या जीपचं इंजिन, दोन सीटं आणि पायाखालची तिन्ही पेडलं तिनं दिली. सीट उचलताना तिनं पदरानं पुसलं. "मालक ह्याच्यावरच बसायचे. जपून बस रं बाबा," म्हणाली. मुंजाजीला गलबलून आलं, आणि तो त्या दिवशी खरंच सीटावर बसला नाही. बन्सीधरनं वडिलांच्या ट्रकचा हॉर्न दिला, जो वाजला की म्हशी दूध चोरत. मागची चाकं ट्रॉलीची आली, पुढची ॲपे रिक्षाची. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं धुराडं आलं, ते सायलेन्सर म्हणून बसलं. आरसे तर इतके आले की पुढं काय आहे सोडून सगळं दिसावं.

नावं घालायचं काम शाळेतले चित्रकलेचे बुद्धभूषण सर करत. त्यांचं अक्षर इतकं रेखीव की तालुक्यात त्यांच्या हातचं "थुंकू नये" वाचून लोकांना पानाची आठवण होते. बंपरवर दिनकररावांचे तात्या आले, सीटाच्या पाठीवर सरजाबाईचे मालक, हॉर्नच्या भोंग्यावर गोल फिरून बन्सीधरचे वडील. लांबून पाहणाऱ्याला गाडी दिसायच्या आधी लग्नपत्रिका दिसे.

देखरेख कडक होती. रोज संध्याकाळी देणगीदार दुकानात येत आणि आपापल्या भागाची चौकशी करत. "आमचे तात्या बसले का?" "बसले." "आमचा भोंगा?" "वाजायलाय." त्यामुळं काम कसं शिस्तीत झालं. एखादा भाग राहिला आणि त्याला विचारणारा कोणी आला नाही, असं घडलं नाही. निदान विचारणारा न आल्यामुळं तसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

चाचण्या दोन झाल्या. पहिल्या चाचणीत गाडी दिनकररावांच्या नांगरलेल्या रानात गेली आणि काळ्या मातीत रुतून थांबली. दुसऱ्या चाचणीत ती फाट्यापर्यंत गेली आणि डिझेल संपून थांबली. दोन्ही वेळा गाडी चालली आणि दोन्ही वेळा थांबली. वाहनाकडून याहून वेगळं काही अपेक्षित नसतं. दोन्ही चाचण्या यशस्वी झाल्याचं जाहीर करून नारळ फोडण्यात आला.

भाऊबीजेच्या सकाळी कमलबाई नवं लुगडं नेसून सरजाबाईच्या मालकांच्या सीटावर बसली. बसायच्या आधी तिनं सवयीनं पाय झाडले. मुंजाजी म्हणाला, "झाडू नको. आपलीच हाय." कमलबाईला फार बरं वाटलं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं.

झरी ते सेलू प्रवास सुखाचा झाला. याचं श्रेय रस्त्याला. संबंधित खात्यानं रस्त्यात इतक्या ठिकाणी इतके विचारपूर्वक खड्डे राखले होते की गाडीला कुठंही वेग येऊ शकला नाही. वाटेत एका चौकात पोलिसानं हात केला, पण गाडी खड्ड्यातून सावकाश जात असताना त्याला धुराड्यावर आपल्या मामाचं नाव दिसलं. त्यानं हाताचा नमस्कार केला.

भागवतच्या गल्लीत मात्र नवा सिमेंटचा रस्ता झाला होता. गुळगुळीत, उताराचा, एकसुद्धा खड्डा नसलेला. असा रस्ता गाडीनं जन्मात पाहिला नव्हता, आणि ती हर्षानं धावत सुटली.

"आवं, थांबवा की!" कमलबाई ओरडली. "भावजय दारात उभी हाय!"

"थांबवायलोय!" मुंजाजीनं मधलं पेडल दाबलं. पेडल आज्ञाधारकपणे खाली गेलं आणि तितक्याच आज्ञाधारकपणे वर आलं. त्याच्या पुढं काही जोडलेलं नव्हतं. मुंजाजीनं इंजिन बंद केलं. उतार बंद करायची सोय नव्हती. त्यानं भोंगा दाबला आणि गल्ली रिकामी झाली.

दारात भागवत हात जोडून उभा होता. शेजारी त्याची बायको, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. गाडी समोरून जाताना तिनं प्रसंगावधान राखून भाकरतुकडा धावत्या गाडीवरून ओवाळून टाकला. कमलबाईनं हात हलवला. सात वर्षांत जे दार मुंजाजीनं स्वप्नात पाहिलं होतं, ते त्याला सगळ्या आरशांत एकदमच मागं जाताना दिसलं, आणि त्याचा जीव तीळ तीळ तुटला.

गल्लीच्या टोकाला जिनिंगचं आवार होतं. फाटक उघडं होतं, आत कापसाचा डोंगर. गाडी त्यात शिरली आणि आवाजसुद्धा न करता थांबली. कापूस भागवतचाच होता.

भागवत धापा टाकत आला तेव्हा ढिगातून आधी कमलबाईचं डोकं वर आलं. ती हसत होती. "भाऊ, आमी आलोत," म्हणाली. मग मुंजाजी बाहेर आला. केसांपासून टाचांपर्यंत पांढराशुभ्र, प्रत्येक बोटाला माल चिकटलेला.

भागवतनं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा दाजीकडं. माणसं धड आहेत म्हटल्यावर त्याचा व्यापारी जागा झाला. "दाजी, हलू नका!" म्हणत तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी मेव्हण्याचे पाय झाडू लागला. झाडलेला कापूस मुठीत घेऊन परत ढिगावर ठेवत होता. मुंजाजीनं एक पाय पुढं केला. मग दुसरा. अजिबात घाई केली नाही.

"नीट झाड रं," कमलबाई म्हणाली. "दाजीला गाडीत बसायचं हाय."

गावी परतल्यावर देणगीदारांची बैठक झाली. ब्रेक कोणीच कसा दिला नाही, असा प्रश्न निघाला. दिनकररावांना वाटलं होतं, सरजाबाईनं दिला असेल. सरजाबाईला वाटलं होतं, एवढी पेडलं दिल्यावर बाकीचं कुणीतरी देईल. बन्सीधर एकटाच खरं बोलला. "ब्रेक चाकाच्या आत ऱ्हातो. नाव कुठं लिवायचं?" यावर एकमत झालं आणि चहा आला.

ती जागा अजून रिकामी आहे. वाचकहो, तुम्हीही पहिल्या ओळीपासून याच गाडीतून आलात. भोंग्याला हसलात, मालकांच्या सीटाला हळहळलात, दोन्ही चाचण्या तुमच्या डोळ्यांदेखत झाल्या. वाटेत कुठं ब्रेकची चौकशी केली असेल, तर तसं कळवा. सरांकडं थोडा पांढरा रंग शिल्लक आहे. फक्त नाव वाचायला तुम्हाला गाडीखाली झोपावं लागेल.