कोंबडीला गोवर

इस्त्रीच्या बाबतीत अख्ख्या एल आल्तो शहरात माझा हात धरणारं कोणी नाही! घेरदार झग्याच्या चुण्या मी अशा बसवते की पठारावरचा वारासुद्धा त्या मोडायला बिचकतो. त्यामुळे सुनेनं, नेलिदानं, पुढच्या खोलीत शर्टांवर चित्रं चिकटवायची हीट प्रेस आणली, तेव्हा मी मनात म्हटलं, ही तर नुसती जाडजूड इस्त्री!

तिची पहिलीच ऑर्डर होती. बाजारात कोंबडीचा रस्सा विकणाऱ्या बायकांचा फुटबॉल संघ. पांढरे शर्ट आणि छातीवर रागीट कोंबडी, चेंडूवर पाय ठेवून उभी. रविवारी मैदानावर सगळा बाजार जमणार. कोंबड्या टिकल्या तर दुकान चाललं, निघाल्या तर नेलिदा पुन्हा कुणाच्या तरी कारखान्यात दिवसभर उभी.

कार्निव्हलच्या मंगळवारी ती माहेरी निघाली. आठ शर्ट तयार, तीन बाकी.

"आई, हे मी संध्याकाळी करते. कापड अगदी कोरडं लागतं आणि वरची फिल्म गार झाल्यावरच सोलायची. तुम्ही हात लावू नका."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी इस्त्री करतेय!"

"म्हणूनच सांगतेय, हात लावू नका!"

ती गेली आणि माझ्या ध्यानात आलं, मशीनची चाल्या, बिअर शिंपडून करायची पूजा, झालेलीच नाही! त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक टॅक्सीवर, प्रत्येक उंबरठ्यावर बिअर शिंपडली होती, रंगीत कागदाचे कपटे उधळले होते. आमचं मशीन मात्र लग्नाचं आमंत्रण न मिळालेल्या चुलत्यासारखं कोरडं बसलेलं! पाचामामाला, धरणीमातेला, तिचा वाटा दिला नाही तर काम चांगलं होईल कसं?

मी शेजारच्या कासियानोला हाक मारली. तो माझ्या मुलाचा धर्मपिता, म्हणून मला कोमाद्रे म्हणतो. बगलेत बाटली घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या पोटाची चाल्या सकाळीच उरकली होती.

"कोमाद्रे, कपटे घ्या हातात! मी चारी कोपऱ्यांना थोडी थोडी शिंपडतो."

थोडी थोडी! बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवून त्यानं ती जी हलवली, कारंजंच उडालं! मशीनवर चार थेंब, बाकी सगळी आंघोळ तीन शर्टांना. आणि नेमके त्याच क्षणी मी मूठभर कपटे उधळलेले!

"कासियानो! शर्ट!"

"बरं झालं की! त्यांचीही चाल्या झाली."

मी डगमगले नाही. ओलं कापड सुकवायला तर इस्त्री असते! शर्ट ठेवला, वर कोंबडी ठेवली, दांडा ओढला. फुस्स! खोलीत एवढी वाफ झाली की कासियानो दिसेनासा झाला. धीर कुठला! मी फिल्म गरम असतानाच सोलली, तर निम्मी कोंबडी फिल्मबरोबर वर आली. परत दाबली. चिकटली खरी, पण पोटात कपटे अडकून अंगभर लाल-हिरवे फोड!

"कोमाद्रे, हिला गोवर आलाय."

"गप्प बसा! दुसरी बघू."

दुसरीचा तुरा फुगला. तिसरीबद्दल मी बोलणार नाही.

तेवढ्यात दारात संघाची कॅप्टन, दोन्या प्रिमितिवा!

"पाठीमागे काय लपवतेस, असुंता?"

तिनं शर्ट हिसकावला, नाकाला लावला, मोठ्ठा श्वास घेतला. मी डोळे मिटले.

"चाल्या केलीस यांची?"

"अं... हो."

"देवीसारखी धावून आलीस बघ! गेल्या वर्षी कुणी केली नाही, म्हणून तर हरलो! हा माझा. हा गोलकीपरला. हा आमच्या दमियानाला, गोल तीच मारते."

नेलिदा दारात येऊन उभी होती. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं.

"दोन्या प्रिमितिवा, हे तीन नेऊ नका. टिकणार नाहीत. दुकानं उघडली की मी नवीन कोंबड्या आणते."

"कार्निव्हलची सुट्टी संपून दुकानं उघडणार सोमवारी आणि सामना रविवारी! शिवाय चाल्या केलेला शर्ट परत ठेवू? भलतंच!"

ती शर्ट घेऊन गेली. नेलिदा आत आली आणि मशीनवरचे कपटे एकेक करून वेचत राहिली. त्यापेक्षा तिनं भांडी आपटली असती तर बरं झालं असतं.

रविवारी गोलकीपरनं पहिली उडी मारली. ती उठली, कोंबडी धुळीतच राहिली. दमियानाची एका पायावर लोंबायला लागली. प्रिमितिवाची तर पंख फडफडवत हनुवटीवर आपटत होती. लोक ओरडत होते, "कोंबडी पळाली, पकडा!" गोल किती झाले ते विचारू नका. आमच्याकडून एकही नाही.

सामना संपला आणि समोरच्या संघाची कॅप्टन, कांदेवाली, तडक नेलिदाकडे आली. मी मध्ये घुसले.

"बाई, चूक माझी आहे, पोरीला काही बोलू नका!"

"सरका हो जरा! त्या आठ जणींच्या कोंबड्यांचं पीसही हललं नाही. त्या कुणी चिकटवल्या?"

"मी," नेलिदा हळूच म्हणाली.

"आणि त्या तीन?"

मी आभाळाकडे बघितलं. कासियानोनं, मेल्यानं, माझ्याकडे बोट दाखवलं!

कांदेवालीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नेलिदाला म्हणाली, "आमचे शर्ट तूच कर, मुली. तूच हं!"

कितीतरी दिवसांनी नेलिदा खदाखदा हसली.

आता दुकान जोरात आहे. मशीन तापलं की मी बाहेर पायरीवर बसते. ऑर्डर द्यायला येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्यापाशी थांबतो, अदबीनं टोपी काढतो आणि विचारतो, "दोन्या असुंता, तुम्ही इथंच बसणार ना?"