पन्नाशीच्या आतला डोळा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या रहिवासी, वय वर्षे तेहतीस, कादंबरी यांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यातली शीर एका मंगळवारी सकाळी तुंबली. पाच वर्षांच्या वेदच्या डब्यासाठी ती द्राक्षं उभी चिरत होती, कारण अख्खं द्राक्ष घशात अडकतं असं तिने तीन वेबसाइटवर वाचलं होतं. अचानक सुरीचं टोक दिसेनासं झालं.

"पडद्यावर सूज आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, आणि लवकर," डॉक्टर म्हणाले. "सूज रेंगाळली तर नजर परत येईलच असं नाही."

वेदला साधी शिंक आली तरी थर्मामीटर शोधणारी कादंबरी डोळ्यात सुई घ्यायला मिनिटभरात तयार झाली. विमा कंपनी मात्र तयार होईना. तिचं पत्र आलं: "सदर आजार पन्नाशीनंतर अपेक्षित आहे. सदस्य तेहतीस वर्षांच्या आहेत. सबब सदर आजार झालेला नाही. लवकर बरे व्हा."

कादंबरीने फोन लावला.

"मॅम, एक तर आजार चुकलाय, नाहीतर जन्मतारीख," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "जन्मतारीख बदलायचा फॉर्म सोपा आहे. पाठवू?"

"आणि मी पन्नाशीची होईपर्यंत थांबले तर?"

"ओह, परफेक्ट! मग काहीच अडचण नाही."

तिने पडद्याचे फोटो पाठवले. आठ दिवसांनी कळलं की फोटो पन्नाशीपुढच्या व्यक्तीचे वाटत असल्याने प्रकरण फसवणूक विभागाकडे गेलं आहे. डोळा स्वतःचाच असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर, डोळ्यासह हजर राहून करावं. बँकेतल्या नोटरीने लायसन्सवरचा फोटो डाव्या डोळ्याशी ताडून पाहिला, शिक्का मारला आणि विचारलं, "आणि हा दुसरा कुणाचा?"

एव्हाना उजवा डोळा झाकला की वेदच्या नाकाच्या जागी करडा डाग दिसत होता. ती दर तासाला तपासायची.

"ममा, स्टॉप विंकिंग ॲट मी!" वेद वैतागला.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, रेणूकाकूंनी निदान केलं, "मोबाईल कमी कर गं. या वयात कुणाला होतं असलं?" काकूंचं आणि कंपनीचं इतकं एकमत पाहून कादंबरीला भरून आलं.

तिसऱ्या नकाराच्या तळाशी बारीक ओळ होती: "निर्णय नियम ५०-अ नुसार संगणकाने दिला आहे. कोणत्याही माणसाने लक्ष घातलेले नाही, याची खात्री बाळगावी."

नवऱ्याने, सत्यजितने, ती ओळ वाचली आणि हातातला चहा खाली ठेवला.

"अगं... फिफ्टी-ए माझा आहे."

"तुझा म्हणजे?"

"या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम आमच्याकडेच आहे. मीच कोड केलाय. ती 'बेस्ट टीम'ची फ्रेम त्याचीच."

फ्रेम टीव्हीच्या वर होती. उजव्या डोळ्याला ती स्वच्छ दिसत होती.

"तरुण माणसालाही होऊ शकतं, असं डोक्यात आलं नाही तुझ्या?"

"रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं यार! पाच जणांनी अप्रूव्ह केलंय."

"वाचून?"

"वाचून कोण अप्रूव्ह करतं?"

"मग बदल ना आत्ता!"

त्याने फोनवर काहीतरी टाइप केलं. "दुरुस्तीचं तिकीट टाकलं गं. प्रायॉरिटी लो आली." त्याने मान खाली घातली. "एकच युजर अफेक्टेड आहे."

कादंबरीने दाणकन लॅपटॉप उघडला. शेवटचं अपील. एकोणीस पानांच्या अटी, खाली एक चौकट: "मी वरील सर्व वाचून समजून घेतले आहे." तिने भराभर खाली ओढलं, टिक केलं, पाठवून दिलं.

आयुष्यात पहिल्यांदाच कंपनीचं उत्तर क्षणात आलं: "धन्यवाद. कलम अकरानुसार आपण डाव्या डोळ्यावरचा दावा स्वखुशीने सोडल्याची नोंद घेतली आहे."

हसा, हरकत नाही. फक्त आज सकाळी तुम्ही ज्या चौकटीत टिक केलीत, तिच्या वर काय लिहिलं होतं, तेवढं सांगा.